जोडीने जंगल पाहायला निघताना

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे झाले, की आपल्याकडे प्रवासाचे बेत सुरू होतात. एके काळी निवृत्तीनंतर जोडीने निघायचे म्हणजे पंढरपूर, तिरुपती, फार तर काशी-रामेश्वर. आता त्यात जंगलांची भर पडली आहे. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली मुलेच ताडोब्याचे नाही तर पेंचचे बुकिंग करून देतात आणि हिंगोली, वसमत, कळमनुरीचे आई-वडील गळ्यात दुर्बीण अडकवून वाघ पाहायला निघतात. ही चांगलीच गोष्ट आहे. महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्याने आहेत. त्यांतले सर्वांत जुने ताडोबा १९५५ सालचे, म्हणजे आज साठी-सत्तरी गाठलेल्या वाचकांच्याच पिढीचे. इतकी वर्षे ते पाहायचे राहून गेले असेल, तर आता जरूर पाहावे.

मात्र देवस्थान आणि जंगल यांत एक फरक आहे. देवस्थानी गर्दी असते, चहाची टपरी असते, हाकेच्या अंतरावर औषधाचे दुकान असते. जंगलात सकाळी फाटक उघडले की तुम्ही जवळजवळ चार तास उघड्या जिप्सीत बसून असता. मध्ये उतरता येत नाही. बऱ्याच ठिकाणी मोबाईल आत नेऊ देत नाहीत आणि नेला तरी रेंज नसते. त्या चार तासांत तुमचा डॉक्टर एकच, शेजारी बसलेले माणूस. त्या माणसाला तुमच्या आजाराची आणि गोळ्यांची किती माहिती आहे, हा आजचा विषय.

आमच्या माहितीतल्या एका दांपत्याची गोष्ट सांगतो. गृहस्थ निवृत्त शिक्षक, वय ६६, बारा वर्षांपासून मधुमेह. व्याघ्र प्रकल्पात सकाळच्या फेरीसाठी पहाटे साडेचारला उठले. शिस्तीचे माणूस, त्यामुळे रोजची साखरेची गोळी न विसरता घेतली. नाश्ता मात्र परत आल्यावर होता, म्हणून अर्धा कप बिनसाखरेचा चहा घेऊन दोघे गाडीत बसले. आठच्या सुमारास गुरुजी चिडचिड करू लागले. मग गप्प झाले. मग मान टाकली. पहाटे उठल्यामुळे डुलकी लागली असेल, असे गाईडला वाटले. बाईंचा हात सहज त्यांच्या कपाळाला लागला. इतक्या थंडीत कपाळ घामाने ओलेचिंब. त्यांच्या पर्समध्ये औंढा नागनाथच्या प्रसादाची खडीसाखर होती. "अहो, एवढे तोंडात धरा," असे म्हणून त्यांनी ती एकेक करून चघळायला लावली. पंधरा-वीस मिनिटांत गुरुजी शुद्धीवर बोलू लागले. वाघ त्या दिवशी दिसला नाही. पण त्या बाईंना ही लक्षणे ठाऊक नसती तर काय झाले असते, याचा विचार करावासा वाटत नाही.

हे झाले कसे? मधुमेहाच्या गोळ्या सगळ्या एका जातीच्या नसतात. मेटफॉर्मिन ही गोळी एकटी असेल तर साखर सहसा फार खाली आणत नाही. परंतु ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, मग पोटात अन्न असो वा नसो. इन्सुलिनच्या इंजेक्शनचेही तेच. या गोळ्या न्याहारीच्या आधी घ्यायच्या असतात, याचा अर्थ त्यांच्यामागून न्याहारी आलीच पाहिजे. सफारीच्या दिवशी न्याहारी चार तास पुढे जाते, तेव्हा गोळीची वेळही पुढे न्यायची का, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. स्वतःच्या मनाने गोळी बंद मात्र करू नये.

साखर उतरू लागली की हात थरथरतात, घाम फुटतो, छातीत धडधडते, भूक लागते. पुढे बोलणे अडखळते, माणूस विनाकारण रागावतो. हा राग आपल्या घरात नेहमीचाच आहे, असे म्हणून बऱ्याच बायका सोडून देतात. जंगलात सोडून देऊ नये. शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज द्यावे, पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढेच द्यावे आणि नंतर बिस्किटे किंवा पोळी खायला लावावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, सरबत काहीही ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. गाडी सरळ फाटकाकडे वळवायला सांगावी आणि रेंज मिळताच १०८ ला फोन करावा.

आता बाईंकडे वळू. कारण नवऱ्याच्या गोळ्या बायकोला पाठ असतात, पण बायकोच्या गोळ्यांचे नाव नवऱ्याला माहीत असल्याचे उदाहरण आम्हाला क्वचितच आढळते. "हिला कसलीशी बी.पी.ची लाल गोळी आहे," इथपर्यंत मजल जाते.

प्रवासात बायका पाणी पीत नाहीत. कारण सर्वांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही. वाटेत स्वच्छतागृह नाही, असले तर जाण्याजोगे नाही, आणि जिप्सीतून तर उतरायचेच नाही. म्हणून आदल्या रात्रीपासून पाण्यावर नियंत्रण. हिंगोलीहून यवतमाळ, वणीमार्गे चंद्रपूर गाठायला दिवस जातो, दुसऱ्या दिवशी दोन फेऱ्या. असे दोन-तीन दिवस काढले, की लघवीची जळजळ आणि थंडी वाजून ताप ठरलेला. मधुमेह असलेल्या बाईला हा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचू शकतो. त्यातच अनेकींच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध मिसळलेले असते. मग ती गोळीच प्रवासात बंद ठेवली जाते. नवऱ्याला पत्ता नसतो आणि रक्तदाब चढतो तो चढतोच.

उपाय आहे, फक्त लाज सोडावी लागते. गोळीची वेळ बदलून दुपारची करता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. फेरीच्या आधीच्या तासात पाणी कमी प्यावे, पण परत आल्याबरोबर आणि दुपारभर भरपूर प्यावे. मोठ्या उद्यानांत फेरीच्या वाटेवर थांब्याची जागा ठरलेली असते. "थांबा केव्हा आहे?" हे गाईडला निघतानाच विचारायचे काम नवऱ्याने करावे. वाघ कुठे दिसेल हे तो विचारतोच, त्यात आणखी एका प्रश्नाची भर.

बसायची जागाही महत्त्वाची. जिप्सीची मागची बाके उंच असतात, तिथून दिसते छान, पण चाकांवरचा सगळा दणका तिथेच बसतो. साठीनंतर बायकांची हाडे ठिसूळ झालेली असतात आणि एका मोठ्या गचक्याने पाठीच्या मणक्याला चीर गेल्याची उदाहरणे वैद्यकात आहेत. ज्येष्ठांनी पुढच्या बाकावर बसावे आणि खाली उशी घ्यावी. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे उघड्या गाडीत वारा सुईसारखा टोचतो. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात, तेव्हा हृदयविकार असलेल्यांनी छाती आणि कान झाकावेत. जिभेखालची गोळी सामानाच्या बॅगेत ठेवू नये, ती वरच्या खिशातच हवी. दमेकऱ्यांनी धुळीसाठी नाकाला रुमाल बांधावा आणि पंप हाताशी ठेवावा.

वाघ उन्हाळ्यात जास्त दिसतो, कारण पाणवठे मोजके उरतात. म्हणून एप्रिल-मेमध्ये गर्दी होते. चंद्रपूरचा पारा तेव्हा पंचेचाळीसच्या वर जातो. सत्तरीच्या माणसाने केवळ वाघासाठी हे ऊन अंगावर घ्यावे, असे आमचे मत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत वाघ नाही दिसला तरी पक्षी भरपूर दिसतात. उन्हाळ्यातच जायचे असेल तर इन्सुलिन गाडीच्या डिकीत किंवा काचेजवळ ठेवू नका, ते निकामी होते. बर्फावर ठेवाल तर गोठूनही निकामीच होते. ओल्या फडक्यात गुंडाळलेले छोटे मातीचे मडके, त्यात कोरड्या डबीत ठेवलेली बाटली, ही आजीची युक्ती सावलीत उत्तम चालते.

पक्ष्यांवरून एका जोडप्याची आठवण होते. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांनी १९३१ साली हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांच्या पाहणीला सुरुवात केली. त्या काळी आपले हिंगोली निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होते. वेगळा हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला. अशा पाहण्यांत पत्नी तेहमिना त्यांच्याबरोबर असत. तंबूतला मुक्काम, बैलगाडीच्या वाटा, मलेरियाचे दिवस. वर्षानुवर्षे जंगलात साथ दिलेल्या तेहमिना १९३९ साली गेल्या, त्या एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर. सलीम अली पुढे जवळजवळ अर्धे शतक एकटे हिंडत राहिले आणि १९८७ साली नव्वदीत गेले. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या दिल्ली गेटजवळच्या तळ्याला त्यांचे नाव आहे. तिकडे लग्नकार्याला जाणे होते, तेव्हा सकाळी अर्धा तास त्या तळ्याच्या बाजूला काढावा.

झाडांमध्ये राहून प्रकृतीला खरोखर काही लाभ होतो का, असे वाचक विचारतील. १९८४ साली अमेरिकेतील रॉजर उलरिच यांनी पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, निम्म्यांना विटांची भिंत. झाडे दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेच्या जोरदार औषधांची गरज कमी पडली. रुग्ण थोडे होते, हे खरे. तरी औंढ्याच्या डोंगरावर फिरून आलेल्या माणसाला ही गोष्ट पटवून द्यावी लागत नाही.

एकदम मोठ्या जंगलाला हात घालण्यापूर्वी जवळ तालीम करावी. इसापूर किंवा सिद्धेश्वर धरणाच्या काठी एक सकाळ, पावसाळा ओसरताना पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा, मग सेनगाव-रिसोडमार्गे लोणार. लोणारच्या विवरात उतरताना गुडघे बोलू लागतात. चढताना दम लागतो म्हणून माणसे चढाला भितात, परंतु गुडघ्यावर भार जास्त पडतो तो उतारावर. हातात काठी असावी, पावले छोटी टाकावीत, आणि जोडीदार मागे राहिला तर पुढच्याने थांबावे. पुढे जाऊन "ये ना लवकर" म्हणून हाका मारू नयेत. अत्तर लावून जाऊ नये, उग्र वासाने आग्या मोहोळ उठते.

विश्रामगृहात रात्री जमिनीवर अंथरूण टाकू नका. मण्यार हा साप रात्री हिंडतो आणि त्याचा दंश बरेचदा दुखतही नाही, पोटात दुखले किंवा पापण्या जड झाल्या की मग कळते. खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपावे. साप चावलाच तर दोरीने आवळणे, ब्लेडने कापणे हे काही करायचे नाही. चावलेला हात किंवा पाय हलू न देता रुग्णालय गाठायचे. प्रतिविष हाच त्यावर इलाज.

निघण्यापूर्वी दोघांनी एकेक चिठ्ठी लिहावी. आजार, गोळ्यांची नावे आणि वेळा, कशाची अॅलर्जी आहे ते, मुलाचा फोन नंबर. नंतर चिठ्ठ्यांची अदलाबदल करावी. याची चिठ्ठी तिच्या पर्समध्ये, तिची याच्या खिशात.

शेवटची सूचना परत आल्यानंतरची. पावसाळ्यात किंवा पावसाळा संपताना गवतातून हिंडून आलात आणि पुढच्या तीन आठवड्यांत ताप आला, तर "आम्ही जंगलात गेलो होतो" हे डॉक्टरांना आपणहून सांगा. मलेरियाची तपासणी होईलच. शिवाय स्क्रब टायफस नावाचा ताप आहे. २०१८ साली नागपूर परिसरात त्याची साथ आली होती. गवतातला चिगर नावाचा, डोळ्यांना न दिसणारा कीटक चावल्याने तो होतो. वेळीच ओळखला तर डॉक्सिसायक्लिन या साध्या, स्वस्त औषधाने बरा होतो, उशीर झाला तर फुप्फुसे आणि मूत्रपिंडे धरतो. (सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला गेला असाल तर तेही सांगा, तिथे २०१६ पासून गोचिडींमुळे माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत.) स्क्रब टायफसमध्ये कीटक चावल्या जागी बऱ्याच रुग्णांना सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली धरते. ती दुखत नाही, खाजत नाही. काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली, स्तनांखाली किंवा पाठीवर असते, आणि स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही. ताप आलेल्या माणसाला उजेडात बसवून जोडीदाराने ती शोधावी आणि सापडली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.