घरपट्टीचा आकडा येतो कुठून?

एकाच इमारतीत सारख्याच क्षेत्रफळाच्या घराला आणि दुकानाला वेगवेगळी घरपट्टी का? मुंबईत २०१०पासून हा कर भांडवली मूल्यावर बसतो. रेडीरेकनरचा दर, क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वय आणि वापर यांवरून मूल्य ठरते. त्यावर कराचा दर लागतो. दुकानाला व्यापारी वापराची आकारणी लागते, म्हणून बिल फुगते. 'राहत्या घरातून उत्पन्न नाही, मग कर कशाला?' हा आक्षेप समजण्याजोगा आहे. पण गटार, रस्ता, पथदिवे यांचे बिल माणशी फाडता येत नाही, आणि जागेला किंमत येते ती याच सोयींमुळे. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२पासून मिळालेली माफी मला पटते. मात्र ती घरेही याच सोयी वापरतात, तेव्हा तेवढा खर्च महापालिकेला इतर उत्पन्नातून भागवावा लागतो.