संगणक जाळे व विदा संदेशवहन

एकमेकांपासून अलग असलेल्या संगणकांना तारा, प्रकाशीय तंतू किंवा रेडिओ तरंग यांच्या द्वारे जोडून त्यांच्यात माहितीची देवाणघेवाण शक्य करणाऱ्या रचनेस संगणक जाळे म्हणतात. ही माहिती म्हणजेच विदा शून्य व एक या दोन अंकांच्या (बिटांच्या) मालिकेच्या रूपात असते. अशी मालिका एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्याच्या तंत्रास विदा संदेशवहन ही संज्ञा आहे. तारायंत्रातील बिंदू व रेघा ही त्याची पूर्वपीठिका होय [→ तारायंत्रविद्या]. मात्र तारेतील चुकलेले अक्षर वाचणाऱ्यास संदर्भावरून ओळखता येते. संगणकास ती सोय नाही. बँकेतील खात्याच्या रकमेत एक अंक बदलला, तर बदललेली रक्कमही तितकीच अर्थपूर्ण दिसते. म्हणून मार्ग सदोष असतानाही विदा निर्दोष कशी पोहोचवावयाची व ती जबाबदारी कोणी घ्यावयाची, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

वेग व विलंब : एका सेकंदात जितके बिट मार्गावर सोडता येतात तो त्या मार्गाचा विदावेग होय. १२,००० बिट सेकंदाला ५०,००० बिट वेगाच्या तारेवर सोडण्यास ०.२४ से. लागतात, सेकंदाला १ अब्ज बिट वेगाच्या प्रकाशीय तंतूवर सेकंदाचे १२ दशलक्षांश पुरतात. परंतु तंतूत प्रकाशाचा वेग सेकंदाला सु. २ लाख किमी. असल्याने, मुंबईहून सु. १२,५०० किमी. दूर असलेल्या न्यूयॉर्कला पहिला बिट सर्वांत जवळच्या मार्गानेही ०.०६ से.हून लवकर पोहोचू शकत नाही. पहिला विलंब पैसे खर्चून कमी करता येतो, दुसरा नाही.

चुका ओळखणे : सात बिटांच्या गटाला आठवा बिट असा जोडतात की, गटातील एकांची संख्या सम व्हावी. उदा., १०११००१ यात एक हा अंक चार वेळा असल्याने शेवटी शून्य जोडतात. वाटेत एक बिट उलटला, तर ही संख्या विषम होऊन चूक उघड होते. दोन बिट उलटले, तर मात्र ती लपून राहते. म्हणून प्रत्यक्षात संपूर्ण गटाला एका ठराविक भाजकाने विशिष्ट रीतीने भागून येणारी बाकी सोबत पाठवितात. ईथरनेट या स्थानिक जाळ्यांत रूढ असलेल्या पद्धतीत ती ३२ बिटांची असते. अशा तपासणीने चूक कळते, सुधारत नाही. विदा पुन्हा मागवावी लागते.

पॅकेट पद्धती : दूरध्वनीच्या संभाषणासाठी दोन टोकांमध्ये एक मार्ग राखून ठेवला जातो. संगणकांचे बोलणे तुटक असते, त्यामुळे राखलेला मार्ग बहुतेक वेळ रिकामा राहतो. अमेरिकेत रँड कॉर्पोरेशनमधील पॉल बारान यांनी (१९६४) व त्यांच्या कार्याची माहिती नसताना ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतील डॉनल्ड डेव्हिस यांनी विदेचे लहान तुकडे करून ते सामाईक मार्गांवरून पाठविण्याची कल्पना मांडली. पॅकेट हे नाव डेव्हिस यांचे. प्रत्येक पॅकेटावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो आणि वाटेतील यंत्रे (राउटर) तो वाचून पॅकेट पुढे ढकलतात. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अर्पानेट या जाळ्यावरून लॉस अँजेल्स येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटकडे ‘लॉगिन’ हा शब्द पाठवावयास घेतला. पहिली दोन अक्षरे पोहोचताच पलीकडील संगणक बंद पडला.

अर्पानेटमध्ये पॅकेटे क्रमाने व खात्रीने पोहोचविण्याचा भार मध्यावरील यंत्रांवर होता. फ्रान्समधील सिक्लाद या जाळ्यात ल्वी पूझँ यांनी तो टोकाच्या संगणकांवर टाकला व मधले जाळे साध्या टपालासारखे ठेवले : पत्र बहुधा पोहोचेल, पण पावती नाही. व्हिंटन सर्फ व रॉबर्ट कान यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या योजनेतही विदेला क्रमांक देणे, पोच घेणे व पोच न आल्यास पुन्हा पाठविणे ही कामे टोकाकडेच आहेत. दूरध्वनी प्रशासनांना हे बेजबाबदारपणाचे वाटले. त्यांनी १९७६ मध्ये मान्य केलेल्या एक्स.२५ या मानकात खात्री जाळ्यानेच द्यावयाची होती. सॉल्टझर, रीड व क्लार्क यांनी १९८१ मध्ये दिलेले उत्तर निर्णायक म्हणावे लागेल. प्रत्येक तार निर्दोष असली, तरी मधल्या यंत्राच्या स्मृतीत विदा बिघडू शकते. म्हणून टोकाला तपासणी करावीच लागते, आणि ती होत असेल तर मधल्या खात्रीने फार तर वेग वाढतो. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने टीसीपी/आयपी ही नवी पद्धती स्वीकारली. भारतात १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिकी विभागाने सुरू केलेल्या अर्नेट या शैक्षणिक जाळ्यात प्रथम दोन्ही विचारसरणींच्या पद्धती नांदत होत्या. १९९५ पासून जवळजवळ सर्व वाहतूक टीसीपी/आयपीवर आली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमाने इंटरनेट सेवा सर्वसामान्यांस खुली केली.

कोंडी : या निवडीची किंमत लवकरच कळून आली. राउटरमधील रांग भरली की नवी पॅकेटे टाकून दिली जातात. पोच न मिळालेले संगणक ती पुन्हा पाठवितात व गर्दी आणखी वाढते. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व बर्कली येथील विद्यापीठ यांमधील वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला. दोन्ही ठिकाणांतील अंतर सु. ४०० यार्ड होते. तारा शाबूत होत्या आणि यंत्रेही चालू होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेला उपाय असा : प्रारंभ थोड्या पॅकेटांनी करावा, पोच येत जाईल तसे प्रमाण वाढवावे आणि पॅकेट हरवल्यास ते गर्दीचे लक्षण मानून एकदम कमी करावे. मधल्या यंत्रांना हात न लावता, केवळ टोकांवरील आज्ञावली बदलून कोंडी सुटली. परंतु हा संयम ऐच्छिक आहे. न पाळणाऱ्या संगणकास तो पाळणाऱ्यांचा वाटाही मिळतो.

पत्त्याच्या बाबतीतही असेच झाले आहे. पॅकेटावरील पाठविणाऱ्याचा पत्ता खरा आहे की नाही, हे राउटर मुळात पाहत नाहीत. त्यामुळे खोट्या पत्त्यांची असंख्य पॅकेटे एखाद्या संगणकावर लोटून त्याची सेवा बंद पाडता येते. आपल्या जाळ्यातून बाहेर पडणारे असे पॅकेट चालकाने तेथेच अडवावे, अशी शिफारस २००० मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा खर्च अडविणाऱ्यास पडतो व संरक्षण इतरांना मिळते. साहजिकच तिचा अवलंब अद्याप सर्वत्र झालेला नाही.