घराजवळचा रानपिंगळा

दुर्मिळ पक्षी पाहावयाचा म्हणजे हिमालय गांठला पाहिजे, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः दूरच्या प्रवासांत पाहिलेल्या पक्ष्यापेक्षां घरापासून कांहीं कोसांवर अवचित भेटलेल्या पक्ष्याचा आनंद अधिक खोल असतो. कारण तेथले नेहमींचे रहिवासी पाहणाऱ्याच्या परिचयाचे असतात, आणि त्यांच्यांतला परका त्याच्या डोळ्यांत भरतो.

रानपिंगळ्याची हकीकत या दृष्टीनें मोठी बोधक आहे. डेव्हिडसन यांनीं १८८४ सालीं खानदेशांत त्याचा नमुना मिळविला, आणि पुढें हा पक्षी जणूं नाहींसाच झाला. १९१४ मधील म्हणून दाखविला जाणारा एक नमुना होता खरा. पण जुनाच नमुना चोरून त्यास नवी चिठ्ठी डकविली होती, असें निष्पन्न झालें! ही लबाडी उघडकीस आल्यावर खऱ्या नोंदींचा माग काढीत पामेला रासमुसेन व त्यांचे सहकारी शहाद्याकडे वळले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्यें, तब्बल ११३ वर्षांनीं, तो पक्षी भर दिवसां झाडावर बसलेला दिसला.

याहून नवल पुढेंच घडलें. ज्या तानसा तलावाचें पाणी मुंबई १८९२ पासून पीत आहे, त्याच्या भोंवतालच्या रानांत २०१४ सालीं हाच पक्षी आढळला. वडापिंपळाच्या ढोलींत राहणारा साधा पिंगळा ज्यानें शेकडों वेळां न्याहाळला असेल, त्यासच येथला भेद चटकन् उमगतो. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाटी असते. रानपिंगळ्याचें डोकें जवळजवळ कोरें, पोट स्वच्छ पांढरें आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे.

असा योग निव्वळ दैवानें येत नाहीं. पावसाळी वादळांत खोल समुद्रावरचे पक्षी थकून मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. आश्विन-कार्तिकांत उत्तरेकडून थवे उतरतात, आणि त्यांत एखादा वाट चुकलेला असतो. एकच तळें आठवड्यामागून आठवडे पाहणाऱ्यास तो गवसतो.

मात्र वार्ता फुटली कीं गर्दी लोटते. कोणी ध्वनिमुद्रित साद वाजवून पक्ष्यास समोर बोलावतो. नरास वाटतें, आपल्या हद्दींत प्रतिस्पर्धी शिरला. तो शिकार टाकून त्यास हुसकावण्यास धांवतो, आणि तेवढा वेळ ढोलींतलीं पिल्लें उपाशी राहतात. म्हणून जाणते निरीक्षक तारीख, वेळ आणि झाडाची जात टिपून ठेवतात. ढोलीचें ठिकाण मात्र विणीच्या काळांत कोणासहि सांगत नाहींत.