वाळूवरील हँडबॉल : खेळ आणि पोशाखाचा नियम

समुद्रकिनाऱ्यावरील वाळूत खेळल्या जाणाऱ्या हँडबॉलची पहिली जागतिक स्पर्धा २००४ साली इजिप्तमधील एल गुना येथे भरली. गोलरक्षकासह प्रत्येकी चार खेळाडू मैदानात उतरतात. दहा-दहा मिनिटांच्या दोन डावांचा निकाल स्वतंत्र लागतो. हवेत गिरकी घेऊन केलेल्या गोलास दोन गुण मिळतात; त्यामुळे पिछाडीवरील संघही पाहता पाहता बरोबरी साधतो.

या खेळाचे नाव जगभर झाले ते मात्र निराळ्याच कारणाने. महिलांना बिकिनी बंधनकारक होती. तिच्या कडेची रुंदी १० सेंटीमीटरपेक्षा अधिक नसावी, इतका तपशील नियमात होता. पुरुषांना विजारीची मुभा होती. जुलै २०२१ मध्ये बल्गेरियातील वार्ना येथे युरोपीय स्पर्धेत नॉर्वेच्या महिलांनी स्पेनविरुद्धचा कांस्यपदकाचा सामना आखूड विजारी घालून खेळला. युरोपीय महासंघाने त्यांना १,५०० युरो दंड केला. यावर अनेक देशांतून टीका झाली. अखेर आंतरराष्ट्रीय महासंघाने त्याच वर्षी नियमात दुरुस्ती करून २०२२ पासून महिलांनाही आखूड विजारीची परवानगी दिली. तथापि ती अंगाबरोबर घट्ट बसणारी असावी, अशी अट घातली. पुरुषांची विजार मात्र फार सैल नसावी, असा नियम होता.