शाळेचा निकाल आणि शाळेचा परिसर

शिष्यवृत्ती परीक्षेची गुणवत्ता यादी जाहीर झाली की, कोणत्या केंद्राची किती मुले यादीत आली याची चर्चा तालुक्याच्या गावी सुरू होते. ज्या शाळेचे नाव यादीत येते तिच्या शिक्षकांचा सत्कार होतो आणि तो योग्यच आहे. परंतु ज्या शाळेचे नाव आले नाही, तेथील शिक्षकांनी वर्षभर काहीच केले नाही, असा अर्थ त्याबरोबर नकळत काढला जातो. हा अर्थ कितपत खरा आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत हा प्रश्न विशेष तीव्रतेने जाणवतो. एकाच तालुक्याच्या हद्दीत येथे दोन भिन्न प्रदेश आहेत. पूर्वेकडे पुणे-नाशिक रस्त्यावर मंचर, नारायणगाव, आळेफाटा ही बाजारपेठेची गावे असून, धरणांच्या पाण्यावर ऊस, द्राक्षे व टोमॅटो पिकतात. पश्चिमेकडे सह्याद्रीच्या उतारावर भातखाचरे, हिरड्याची झाडे आणि महादेव कोळी समाजाच्या दूरदूर विखुरलेल्या वाड्या आहेत. शेतीचे काम संपले की तिकडील पुष्कळ कुटुंबे मजुरीसाठी पूर्वेकडे येतात आणि त्यांच्यासोबत मुलेही येतात. दोन्हीकडील शाळा एकाच जिल्हा परिषदेच्या आहेत, पाठ्यपुस्तके एकच आहेत आणि परीक्षाही एकच आहे. मात्र पहिल्या दिवशी वर्गात येणारे मूल दोन्हीकडे सारखी शिदोरी घेऊन येत नाही.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेत सरकारी शाळांचा कारभार 'शाळा-जिल्हा' नावाच्या स्थानिक मंडळांकडे असतो. येथे जिल्हा म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याएवढा प्रदेश नव्हे. एखादे शहर, उपनगर किंवा काही गावे यांचाच तो मिळून झालेला असतो. या शाळांच्या खर्चाचा एक भाग तेथील घरे व जमिनी यांवरील करांतून येतो. त्यामुळे जेथे घरे महाग तेथे शाळांना पैसा अधिक, असा प्रकार घडत आला आहे. उपनगरांतील नामांकित शाळांसाठी पालक तेथे घरे घेतात, त्यामुळे घरांच्या किमती वाढतात आणि कमी मिळकतीच्या कुटुंबाला तेथे राहणे अशक्य होते.

टेक्सास राज्यातील सॅन अँटोनिओ शहराचे उदाहरण याबाबत बोलके आहे. तेथील एजवुड हा गरीब वस्तीचा आणि अलामो हाइट्स हा सधन वस्तीचा शाळा-जिल्हा. १९६७-६८ साली एजवुडमध्ये दर विद्यार्थ्यामागे ३५६ डॉलर, तर अलामो हाइट्समध्ये ५९४ डॉलर उपलब्ध होते. आश्चर्याची गोष्ट अशी की, एजवुडच्या रहिवाशांवरील कराचा दर अधिक होता: मिळकतीच्या दर १०० डॉलरमागे १.०५ डॉलर, अलामो हाइट्समध्ये तो ०.८५ डॉलर होता. अधिक दराने कर देऊनही एजवुडला आपल्या करातून दर विद्यार्थ्यामागे अवघे २६ डॉलर मिळत, तर अलामो हाइट्सला ३३३ डॉलर मिळत. एजवुडच्या पालकांनी दाद मागितली. पण १९७३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा मतांनी ती नाकारली.

आपल्याकडे ही विषमता या स्वरूपात नाही, हे आपल्या व्यवस्थेचे मोठे बळ आहे. १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्याकडे आला; पण शिक्षकांच्या वेतनाचा भार राज्य शासन उचलते. त्यामुळे भीमाशंकरच्या रानातील वाडीवर शिकविणाऱ्या शिक्षकास आणि मंचरच्या शिक्षकास वेतनश्रेणी एकच लागू होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेचा पट ६० पर्यंत असला, तरी तेथे २ शिक्षक असावयास हवेत. वाडीची घरे कौलारू आहेत म्हणून तिच्या मुलांचा शिक्षक कमी पगाराचा नसतो.

तरीसुद्धा निकालात अंतर पडतेच. त्याचे कारण समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या १९६६ च्या अहवालात सापडते. अमेरिकेतील सुमारे ६ लाख विद्यार्थ्यांची पाहणी केल्यावर असे दिसून आले की, मुलांच्या गुणांतील फरकाचा संबंध शाळेच्या इमारतीपेक्षा वा साहित्यापेक्षा घरच्या परिस्थितीशी अधिक निकटचा असतो. हे वाचून एखाद्या शिक्षकाला वाटेल की, मग आपल्या श्रमांना अर्थ तो काय? परंतु शाळेच्या ज्या ज्या गोष्टींचा परिणाम दिसला, त्यांत शिक्षकाची योग्यता अग्रभागी होती, आणि ज्या मुलांची घरची परिस्थिती प्रतिकूल होती त्यांच्या बाबतीत तो परिणाम अधिक होता, हेही त्याच अहवालात नमूद आहे. ज्या घरात पुस्तक नाही, त्या घरातील मुलाला शिक्षकाची गरज सर्वाधिक असते.

म्हणून मोजमाप कसे करावे, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. दोन शाळांत तिसरीच्या वर्गात प्रत्येकी २० मुले आहेत. पहिल्या शाळेत जून महिन्यात १५ मुलांना परिच्छेद सलग वाचता येत होता, मार्चमध्ये १७ मुलांना येऊ लागला. दुसऱ्या शाळेत जूनमध्ये २ मुलांना येत होता, मार्चमध्ये ११ मुलांना आला. केवळ मार्चचा आकडा पाहिला तर पहिली शाळा पुढे आहे. पण पहिल्या शाळेने न वाचणाऱ्या ५ मुलांपैकी २ मुलांना वाचते केले, तर दुसरीने १८ पैकी ९ मुलांना. जूनचा आकडा लिहून ठेवला नसेल, तर ही ९ मुले कोणाच्याही हिशेबात येणार नाहीत.

दुसरी एक गोष्ट पटासंबंधी. गावातील सधन पालक आपली मुले बसने इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पाठवू लागले की, मागे उरलेल्या वर्गाची सरासरी खाली येते. अध्यापनात मात्र काहीच बदल झालेला नसतो. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा कराव्यात, असा विचार २०२३ साली पुढे आला होता. अशा काळात आपल्या शाळेने काय साधले हे आकड्यांनी दाखविता येणे, ही केवळ प्रतिष्ठेची बाब राहत नाही. ओढा ओलांडून पलीकडच्या गावी जावे लागेल की नाही, हा त्या लहान मुलांचा प्रश्न असतो.

येथे एक धोका सांगणे अवश्य आहे. परिसर प्रतिकूल आहे ही समजून घेण्याची गोष्ट आहे, सबबीची नव्हे. वरील दुसऱ्या शाळेत अद्याप ९ मुले वाचू शकत नाहीत, आणि तिसरीपर्यंत प्रत्येक मुलास वाचन व अंकज्ञान यावे हे २०२१ च्या निपुण भारत अभियानाचे उद्दिष्ट त्यांनाही लागू आहे. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटचा अनुभव याबाबत मार्गदर्शक आहे. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या मार्गदर्शनाखाली तेथील शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने, फरशीवर आखलेल्या आकृत्या व हाताळावयाचे साहित्य वापरून, मुलांना गटागटाने शिकते केले. ते पाहण्यास राज्यभरातून शिक्षक गेले. तेथे एकच शाळा नावारूपास आणण्याऐवजी बीटमधील सर्व शाळा बरोबर नेण्याचा प्रयत्न झाला, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

यास्तव शिक्षकांनी पुढील गोष्टी कराव्यात, अशी सूचना आहे:

(१) जूनच्या पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक मुलाचे वाचन व गणन स्वतः पाहून, नावापुढे नोंद करावी. मार्चमध्ये त्याच कसोटीने पुन्हा पाहावे.

(२) स्थलांतर करून गेलेल्या मुलाची नोंद निराळी ठेवावी. त्याच्यासोबत शिक्षण हमी पत्रक द्यावे आणि ज्या गावी कुटुंब गेले तेथील शिक्षकाशी संपर्क साधावा. पूर्वेकडील शिक्षकांनीही मळ्यावर आलेल्या अशा मुलांचा शोध घ्यावा.

(३) वर्षात दाखल झालेल्या व सोडून गेलेल्या मुलांची संख्या निकालासोबत लिहावी.

(४) ही नोंद शाळा व्यवस्थापन समितीपुढे सोप्या भाषेत वाचून दाखवावी.

केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेत प्रत्येक शाळेने या नोंदीचा एक कागद आणावा आणि ज्या शाळेत सर्वांत अधिक मुले वाचती झाली, तेथील शिक्षकास आपली पद्धत सांगण्यास प्रथम संधी द्यावी. तो शिक्षक एखाद्या दूरच्या वाडीवरचा निघण्याचा संभव आहे.