दौंडची तीन मिनिटे

रमजान सुरू होण्याच्या आठवडाभर आधी आमच्या घरी सहरी-इफ्तारचा तक्ता यायचा. पुण्यात छापलेला, हिरव्या शाईतला, खाली एखाद्या दुकानाची जाहिरात. आजोबा दौंडच्या लोको शेडमधून निवृत्त झालेले. तक्ता हाती आला की ते चष्मा लावून, पेन्सिल घेऊन बसत आणि तिसही ओळींत प्रत्येक वेळेतून ३ मिनिटे वजा करून शेजारी नवा आकडा लिहीत. दुसरी प्रत शिरूरला फुफीकडे जायची. तिच्यावर २ मिनिटे वजा.

कारण साधे आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात. दौंड पुण्याच्या पूर्वेला पाऊण अंशाला थोडे कमी, शिरूर अर्ध्या अंशावर. आपल्या भागात पूर्वेकडे साधारण २६ किलोमीटर गेलो की सूर्य एक मिनिट आधी उगवतो आणि आधीच मावळतो. इफ्तारला याने काही बिघडत नाही. पुण्याच्या वेळेवर दौंडकराने रोजा सोडला तर तीन मिनिटे जास्त उपाशी राहील, एवढेच. अडचण सहरीची. पुण्यात अजून रात्र असते तेव्हा दौंडला पहाट झालेली असते, आणि पहाट झाल्यावर घेतलेला घोट रोजा मोडतो.

एका वर्षी आजोबा गावाला गेले होते. आम्ही भिंतीवर कोरा तक्ता लावला आणि पहिल्या सहरीला अगदी शेवटच्या मिनिटापर्यंत चहा प्यायलो. आजोबा परतले, तक्ता पाहिला. मी म्हणालो, "तीन मिनिटांनी काय होतंय?" ते म्हणाले, "गाडी सुटते." ईदनंतर सगळ्या घराने तो एक रोजा पुन्हा धरला. (हल्लीच्या पुष्कळ तक्त्यांत खबरदारीची दोन-चार मिनिटे आधीच धरलेली असतात. तेव्हा आमच्या घरात तसे कोणी धरत नव्हते.)

परवा भाचीने विचारले, मोबाइल नव्हता, घड्याळ नव्हते, तेव्हा लोक काय करायचे?

गणित करायचे. मध्ययुगात मोठ्या शहरांतल्या मशिदींत त्यासाठी पगारी माणूस असे. त्याला मुवक्कित म्हणत, म्हणजे वेळ सांगणारा. दमास्कसच्या उमय्यद मशिदीचा मुवक्कित इब्न अल-शातिर हा चौदाव्या शतकातला मोठा खगोलशास्त्रज्ञ. १३७१ मध्ये त्याने तिथल्या मिनारासाठी संगमरवरी छायायंत्र बनवले. पाच वेळांची नमाज सूर्यावर ठरते. त्यातली अस्रची, म्हणजे दुपारनंतरची, तर थेट सावलीवर. भर दुपारी पडलेली सावली सोडून उरलेली सावली वस्तूच्या उंचीएवढी झाली की शाफई पंथीयांची वेळ सुरू होते, दुप्पट झाली की हनफींची. आमच्याकडे हनफी, कोकणातल्या सोयऱ्यांकडे शाफई. लग्नाला गेलो की दोन्ही अजानांमधला वेळ गप्पांत जायचा.

आता हीच सावली आपल्या मातीत पाहा. सह्याद्रीच्या परिसरातले भास्कराचार्य, जन्म शके १०३६, म्हणजे १११४. त्यांच्या 'लीलावती'त छायाव्यवहार नावाचे प्रकरणच आहे. बारा अंगुळांचा शंकू म्हणजे खुंटी, तिची सावली आणि त्यावरून काढायची उत्तरे. आजोबांच्या वजाबाकीला भास्कराचार्यांच्या शास्त्रात देशांतर म्हणतात. मध्यरेषा उज्जैनवरून जाते, तिच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला जितके असाल तितका वेळेत फरक करायचा. दौंड उज्जैनच्या पश्चिमेला; सूर्य इथे सुमारे ५ मिनिटे उशिरा येतो. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे गावी भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. यादव राजा सिंघणाच्या काळातल्या तिथल्या शिलालेखात त्या मठाला लावून दिलेल्या उत्पन्नाची नोंद आहे, आणि लेखाचा शेवटचा भाग मराठीत आहे. गणित शिकवायला गावाने धान्य द्यावे, इतके ते गरजेचे होते.

पहाटेची वेळ काढणे सावलीहून अवघड. आपल्याकडचे बहुतेक तक्ते सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांवर असतो तो क्षण धरतात. तिथे सावली नाही, तिथे ज्या लागते. आपल्या विद्वानांनी धनुष्याच्या दोरीवरून हे नाव दिले. तिलाच जीवा असेही म्हणत. अरबांनी तो शब्द जीबा म्हणून घेतला. अरबी लिखाणात स्वर गळतात, तेव्हा ते नुसते 'जब' उरले आणि पुढच्यांनी जैब वाचले. जैब म्हणजे अंगरख्याचा घोळ, खिसा. उर्दूतले जेब तेच. युरोपीयांनी त्याचे लॅटिनमध्ये भाषांतर करून सायनस केले. भाची दहावीला साइन थीटा घोकते, तो मुळात आमच्या कुर्त्याचा खिसा आहे, हे ऐकून ती बराच वेळ हसत होती.

ही देवाणघेवाण एकाच दिशेने चालली नाही. अकबराच्या सांगण्यावरून फैजीने १५८७ मध्ये 'लीलावती' फारसीत आणली. मला मात्र जास्त ओढ आहे ती अताउल्लाह रशीदीची. ताजमहालाशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरी यांचा हा मुलगा. शाहजहानच्या काळात त्याने भास्कराचार्यांचे 'बीजगणित' फारसीत उतरवले. पुढे औरंगाबादचा बीबी का मकबरा बांधला तोही त्यानेच. मकबऱ्याच्या दारावर त्याचे नाव आहे, आणि हंसपत राय या अभियंत्याचेही. सह्याद्रीच्या एका पंडिताची समीकरणे फारसीत वाचणारा माणूस आपल्याच मुलखात येऊन घुमट उभा करतो, आणि आपण मकबऱ्यावर जाऊन फक्त फोटो काढतो, याचे मला वाईट वाटते. आमच्या मुलांना वाटते गणित शाळेतले आहे, दीन मशिदीतला. आजोबांची पेन्सिल त्यांनी पाहिलेली नाही.

यंदाच्या तक्त्यात दौंड आणि शिरूरचे वेगळे रकाने छापून आले आहेत. तरीही मी पुण्याच्या आकड्यांतून ३ वजा करत गेलो. दोन ओळींत एका मिनिटाचा फरक निघाला. तक्ता भाचीला दिला आहे, सहरीपर्यंत ती शोधून सांगणार आहे.