फवाऱ्याचा थेंब वारा घडवतो

पाठीवरचा पेट्रोलचा ब्लोअर सुरू केला की नळीतून दाट धुके निघते. पुष्कळांना वाटते, औषध बारीक भोकातून दाबाने निघते म्हणून त्याचे थेंब होतात. हातपंपाचे तसे आहे खरे. ब्लोअरमध्ये मात्र हे काम वारा करतो.

टाकीतले औषध नोझलच्या कडेला पातळ पापुद्र्यासारखे पसरते. त्यावरून जोराचा वारा जातो. तळ्यावर वाऱ्याने लाटा उठतात ना, तशाच बारीक लाटा या पापुद्र्यावर उठतात. वारा त्यांना ओढून फाडतो, त्यांचे धागे होतात आणि धागे तुटून थेंब. तांब्याची बारीक धार उंचावरून सोडून पाहा. खाली येईपर्यंत तिचेही थेंब झालेले दिसतील.

वारा जोराचा आणि पापुद्रा पातळ, तर थेंब बारीक. काम लवकर उरकावे म्हणून गडी कॉक पुरता उघडतो. वारा तेवढाच, औषध मात्र जास्त! मग थेंब जाड होतात आणि पानावरून ओघळून मातीत जातात. पैसा गेला, कीड जागच्या जागी.

म्हणून फार बारीक थेंबही नकोत. थेंबाची जाडी निम्मी केली की तेवढ्याच औषधाचे आठपट थेंब होतात, पान छान झाकले जाते. पण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा थेंब स्थिर हवेत चारेक सेकंदांत मीटरभर खाली येतो; शंभराव्या भागाएवढ्याला पाच मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात तो शेजारच्या रानात जातो, नाहीतर फवारणाऱ्याच्या नाकात. तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात डोक्याइतक्या वाढलेल्या कपाशीत फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसे दगावली. कारणे अनेक होती, जहाल औषधे आणि त्यांची मिश्रणे हीही त्यात आली. पण उंच पिकात अंगावर आणि श्वासात येणारे धुके विसरून चालणार नाही. तेव्हा वाऱ्याकडे पाठ करून फवारावे, भर उन्हात नको, आणि ते कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत.

थेंब कसे पडतात हे पाहायला एक पिवळा कागद मिळतो. पाण्याचा थेंब पडला की तेथे निळा ठिपका उठतो. टाकीत नुसते पाणी घालून, कागद पानांना टाचून एक ओळ फवारावी. वेगळे ठिपके दिसले तर कॉक बरोबर आहे. सगळा कागद निळा झाला तर थोडा बंद करावा.